सुयांवांचून विणकाम



विणकाम हा शब्द उच्चारतांच आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दोन लांब, चकचकीत, एका टोंकाला बोंड असलेल्या सुया उभ्या राहतात, आणि त्या आजीच्या, आईच्या किंवा आत्याच्या हातांत असतात. आज मी ज्या विणकामाविषयीं बोलणार आहें त्यांत त्या सुया नाहींत. त्यांच्या जागीं सायकलच्या चाकाचे आरे आहेत, शिसपेन्सिली आहेत, बुरुडाकडील बांबूची कामटी आहे, चार खिळे ठोकलेलें रिकामें रीळ आहे, आणि यांतलें कांहींच जवळ नसेल तर डाव्या हाताचीं चार बोटें आहेत. हा विषय केवळ गमतीचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. साधन नाहीं म्हणून विद्या अडून राहावी काय, हा प्रश्न मास्तरकीच्या धंद्यांत मला वारंवार भेटला. त्याचें जें उत्तर मला विणकामाच्या तासाला मिळालें, तेंच आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

प्रथम सुई म्हणजे काय याचा विचार करूं. शिवणाच्या सुईला नेढें असतें. ती कापडाला भोंक पाडते आणि आपल्यामागून दोरा ओढून नेते. विणकामाच्या सुईला नेढें नसतें आणि भोंकहि पाडावयाचें नसतें. डाव्या हातांतील सुई तयार झालेले फांस सांभाळते. उजव्या हातांतील सुई त्या प्रत्येक फांसांतून नवा फांस ओढून आपल्या अंगावर घेते. नवा फांस या दुसऱ्या सुईच्या अंगाभोंवतीं बसतो, म्हणून तो केवढा व्हावा हें तिची जाडी ठरविते. तिचा रंग, तिची किंमत किंवा तिच्यावरील छाप यांचा फांसाच्या मापाशीं कांहींएक संबंध नाहीं. तेव्हां एका टोंकाला निमुळती, अंगानें गुळगुळीत आणि सर्वत्र सारख्या जाडीची अशी कोणतीहि काडी ही विणकामाची सुईच होय. दुकानांत मिळते ती याच जातीची.

हें मी पदरचें सांगत नाहीं. सुईचा इतिहासच तें सांगतो. आपल्याकडे दुकानांत आजहि दहा नंबरच्या, बारा नंबरच्या सुया मागतात. नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते, आणि नव्यानें शिकणाऱ्याला हें उलटें गणित चमत्कारिक वाटतें. याचें कारण असें कीं, हे अंक मुळांत सुयांचे नव्हतच; ते तारेचे आहेत. तार तयार करतांना धातूची कांब क्रमाक्रमानें लहान लहान छिद्रांतून ओढतात. जितक्या अधिक वेळां ओढावी तितकी तार बारीक आणि तिचा अंक मोठा. तारेच्या जाडीचें जें प्रमाण इंग्लंडांत १८८४ सालापासून अंमलांत आलें, त्यांत आठ अंकाची तार सुमारें ४ मिलिमीटर, दहा अंकाची सव्वातीन आणि चौदा अंकाची २ मिलिमीटर जाडीची धरली आहे. आतां सुयांचें कोष्टक पाहावें: आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर, दहा नंबरची सव्वातीन, चौदा नंबरची २. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नांवाचीं बेटें आहेत व तेथील विणकाम जगभर नांवाजलेलें आहे. तेथल्या बोलींत सुयांना ‘तारा’ असाच शब्द आहे.

आणि आपल्या साध्या सायकलचा आरा, तोहि बहुधा चौदा अंकाच्या तारेचाच असतो. म्हणजे चौदा नंबरची सुई आणि सायकलचा आरा हीं एका कुळांतलीं भावंडें. एक दुकानाच्या कपाटांत गेलें, दुसरें चाकांत गेलें.

हें नातें ओळखणारे लोक जगांत आहेत. दक्षिण अमेरिकेंत पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सरहद्दीवर टिटिकाका नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्यांतील ताकिले बेटावर सुयांवरचें विणकाम पुरुष करतात, मुलगे तें लहानपणींच शिकतात, आणि बायका मागावर पट्टे विणतात. या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोनें २००५ सालीं मानवजातीच्या वारशाचा मान दिला. त्या बाजूच्या अँडीज पर्वतांतील विणणाऱ्यांत सायकलच्या आऱ्यांना टोंक काढून त्यांच्या सुया करण्याची रीत सर्वपरिचित आहे. ताकिलेच्या टोप्यांची वीण इतकी घट्ट असते कीं, टोपींत पाणी ओतून तें किती वेळ टिकतें यावरून विणणाऱ्याची परीक्षा होते असें सांगतात. आऱ्यावर काम करणें म्हणजे कसेंबसें भागविणें, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं ही टोपी ध्यानांत ठेवावी.

आतां माझ्या शाळेंतील गोष्ट सांगतों. एका तालुक्याच्या गांवीं मी शिकवीत असतांना तेथें हस्तव्यवसायाच्या तासाला मुलींना विणकाम असे. प्रत्येकीनें आपापल्या सुया व लोकर घरून आणावी असा नियम होता. ज्यांना तें शक्य नसे त्या मुली भिंतीकडेला बसून इतरांचें काम पाहत. त्यांत एक मुलगी अशी होती कीं ती नुसती पाहत नसे. मांडीवर हात ठेवून तिचीं बोटें हवेंत चालत असत. मीं गांवांतल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानदाराला मोडीत निघालेल्या चाकांचे आरे मागितले. त्यानें मूठभर आरे दिले, वर कानसहि दिली, आणि पैसे घेतले नाहींत. आऱ्यांना टोंक काढण्याचें काम मीं मुलांकडे सोंपविलें. दोन दिवसांत तीं मुलेंच विचारूं लागलीं, “गुरुजी, केलेल्या सुया आम्हीं वापरायच्या नाहींत का?” या प्रश्नाला नकार देण्याजोगें एकहि कारण मला सांपडलें नाहीं. पुढच्या आठवड्यापासून तास सर्वांचा झाला.

त्या मुलीनें घरचा एक फाटका मफलर उसवून लोकर आणली होती. तिनें वीतभर पट्टी विणली, दाखविली, आणि दुसऱ्या दिवशीं पाहतों तों ती उसवून पुन्हा पहिल्यापासून विणीत होती. असें चारदां झालें. पट्टी चांगली झाली असतांना उसवतेस कां, असें विचारल्यावर ती म्हणाली, “गुरुजी, लोकर एवढीच आहे. संपली तर काय विणूं?” वर्षअखेरीस सबंध वर्गांत तिचा हात सर्वांत सारखा होता, आणि चकचकीत सुया आणणाऱ्या मुली गळालेला टांका उचलून घेण्यास तिच्याकडे जात. ती हुशार होती हें खरेंच. पण तिची हुशारी आऱ्यांची वाट पाहत भिंतीशीं बसली होती, हेंहि तितकेंच खरें आहे.

आतां घरांतील कोणती वस्तु या कामीं कितपत चालते तें क्रमानें पाहूं.

सायकलचा आरा सुमारें फूटभर लांब असतो. त्याच्या एका टोंकाला आटे पाडलेले असतात. तें टोंक कानशीनें घासून आटे पुरते नाहींसे करावेत, नाहीं तर प्रत्येक टांक्याला लोकर त्यांत अडकते. मग तेंच टोंक निमुळतें करावें, परंतु टोंचेल इतकें तीक्ष्ण करूं नये. दुसऱ्या टोंकाला आरा वांकलेला असतो व त्याला चपटें डोकें असतें. तें तसेंच राहूं द्यावें, कारण टांके गळूं न देण्याचें बोंडाचें काम तें आयतेंच करतें. गंजलेला आरा घेऊं नये. गंज लोकरीला लागला म्हणजे सहसा निघत नाहीं. हे आरे बारीक असल्यामुळें बारीक लोकरीलाच योग्य होत. मोजे विणावयाचे असतील तर यांच्यासारखें साधन नाहीं. मोजा गोल विणतात व त्याला दोन्ही टोंकें मोकळीं असलेल्या चार किंवा पांच सारख्या सुया लागतात. चाकांत एकाच मापाचे तीसचाळीस आरे असतात. त्यांतले पांच घेऊन त्यांचीं वांकलेलीं डोकीं कापलीं व तीं टोंकेंहि घासलीं कीं संच तयार झाला. ही अनेक सुयांची रीत जुनी आहे. जर्मनींतील हांबुर्ग शहराच्या कलासंग्रहालयांत सन १४००च्या सुमाराचें एक वेदीचित्र आहे. मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या नांवाशीं तें जोडलें जातें, आणि त्यांत माता मरिया अशाच सुयांवर लहान अंगरखा गोल विणीत बसली आहे.

शिसपेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाडीची असते, म्हणून ती जाड लोकरीला चालते. तिचें शिसें पांढऱ्या लोकरीला काळें करतें. यासाठीं टोंक काढल्यावर शिसें थोडें कोरून टाकावें व त्या खळग्यांत मेण भरावें. मागच्या टोंकाला रबराचा तुकडा गुंडाळला कीं टांके मागून गळत नाहींत. दोन्ही पेन्सिली मात्र नव्या व एकाच जातीच्या घ्याव्यात. एक जाड व एक बारीक घेतली तर एक ओळ सैल व एक आंवळ अशी पट्टी निघते. नाचतां येईना अंगण वांकडें असें आपण म्हणतों. येथें अंगण खरोखरच वांकडें असतें, आणि विणणाऱ्याला व्यर्थ बोल लागतो.

बांबूची कामटी ही मला स्वतःला सर्वांत आवडते. बुरुडाकडून पेरें नसलेली सरळ कामटी घ्यावी, चाकूनें गोल करावी, आणि घासकागदानें प्रथम जाड्या व मग बारीक अशा क्रमानें घासावी. गुळगुळीत झाली कीं नाहीं हें बोटाला कळत नाहीं, कापसाला कळतें. कापसाचा पिंजलेला पुंजका काडीवरून फिरवावा; जेथें तंतु चिकटून राहील तेथें पुन्हा घासावें. शेवटीं मेणबत्तीचें मेण चोळून फडक्यानें पुसून घ्यावें. तेल लावूं नये. तेलाचे डाग लोकरीवर उतरतात. बांबू वजनाला हलका असतो व हातांत थंड लागत नाहीं, म्हणून आंखडलेल्या, वृद्ध बोटांना तो सोयीचा पडतो. निवृत्तीनंतर मी अशाच दोन काड्यांवर विणतों.

कांहीं वस्तु दिसावयास योग्य पण वापरण्यास अयोग्य असतात. छत्रीची काडी हें त्याचें ठळक उदाहरण. इंग्लंडांतील सॅम्युएल फॉक्स यानें १८५२ सालीं छत्रीसाठीं पन्हळीसारखी पोकळ घडीची पोलादी काडी काढली. त्या युक्तीनें छत्री हलकी झाली. परंतु त्याच पन्हळीच्या कडांत लोकर अडकते. खराट्याचा हीर मुळाशीं जाड व शेंड्याशीं बारीक असतो, त्यामुळें प्रत्येक टांका वेगळ्या मापाचा होतो. शिवाय तो मध्येंच मोडतो. चिनी पद्धतीच्या जेवणाच्या काड्या हल्लीं अनेक घरांत येऊन पडतात. त्यांपैकीं ज्या निमुळत्या होत जातात त्यांना हाच दोष आहे. सरळ असतील त्या घासून खुशाल वापराव्यात.

साधन कसेंहि असो, एक गोष्ट टाळतां येत नाहीं, ती म्हणजे मोजमाप. दुकानच्या सुईवर नंबर असतो. घरच्या काडीचा नंबर आपण काढावा लागतो. त्याची युक्ति सोपी आहे. शिवणाच्या बारीक दोऱ्याचे काडीभोंवतीं शेजारीं शेजारीं दहा वेढे घ्यावेत, दोरा तेथें कापावा, आणि उलगडून पट्टीवर मोजावा. लांबीला दहांनीं भागलें म्हणजे काडीचा परीघ निघतो, आणि परिघाला २२/७ नें भागलें म्हणजे जाडी. समजा, दोरा १२६ मिलिमीटर भरला, परीघ १२.६ आणि जाडी ४ मिलिमीटर आली, म्हणजे काडी आठ नंबरची झाली. वर्तुळाचा परीघ शाळेंत कशासाठीं शिकविला, असें विचारणाऱ्या नातवंडांना हें उदाहरण अवश्य करावयास द्यावें.

दुसरें मोजमाप विणीचें. प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वीं त्याच काड्यांवर, त्याच लोकरीचे तीस टांके घालून एक लहान चौकोन विणावा व त्याच्या मधल्या १० सेंटिमीटरांत किती टांके बसतात तें मोजावें. समजा, चार मिलिमीटरच्या काडीवर २२ टांके बसले. तर २० सेंटिमीटर रुंदीच्या मफलरला ४४ टांके घालावेत. पेन्सिलीवर जाड लोकरीचे १२च बसले, तर त्याच मफलरला २४ पुरे होतात. हें गणित ज्यानें केलें त्याला कोणतीहि काडी चालते. ज्यानें केलें नाहीं त्याच्या हातीं उत्तम सुया दिल्या तरी नातवासाठीं विणलेला स्वेटर आजोबांना यावयाचा.

लहान मुलांसाठीं काड्यांपेक्षां रीळ बरें. दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळाच्या तोंडाशीं, भोंकाभोंवतीं चार बारीक खिळे सारख्या अंतरावर ठोकावेत. लाकडी रीळ न मिळाल्यास पुठ्ठ्याची नळी घेऊन तिला बाहेरून आइस्क्रीमच्या चार काड्या बांधाव्यात. लोकरीचें टोंक भोंकांतून खालीं सोडावें व प्रत्येक खिळ्याला एक वेढा द्यावा. मग लोकर खिळ्यांच्या बाहेरून, पहिल्या वेढ्याच्या वर आडवी धरून, खालचा वेढा केसांच्या आंकड्यानें उचलून खिळ्यावरून आंत टाकावा. असें एकामागून एक करीत गेलें कीं रिळाच्या खालून विणलेली गोल दोरी उतरूं लागते. ती कानटोपीला बंद म्हणून उपयोगी पडते. गुंडाळी करून शिवली तर गरम भांड्याखालीं ठेवावयास आसन होतें. जर्मन लोक या खेळण्याला मुलीचें नांव देऊन ‘श्ट्रिकलीझल’ म्हणतात. खेळणें असलें तरी त्यांतील तत्त्व मोठें आहे. विल्यम ली या इंग्रज गृहस्थानें १५८९ सालीं मोजे विणण्याचें यंत्र काढलें, त्यांतहि प्रत्येक फांसाला त्याचा स्वतंत्र आंकडा दिलेला होता. रीळहि न मिळालें तर डाव्या हाताचीं चार बोटें हेच चार खिळे. लोकर एका बोटाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून अशी नेऊन परत आणावी, वर दुसरा फेरा घालावा, आणि खालचा फांस उचलून बोटावरून मागें टाकावा. हाताच्या पाठीमागें पट्टी उतरते.

बाकीचीं उपसाधनें तर घरांत पडलेलींच असतात. टांके बाजूला ठेवावयास मोठी सेफ्टीपिन, खूण म्हणून रंगीत दोऱ्याचा फांस, शिवून टाकावयास बोथट दाभण, आणि ओळी मोजावयास दोन वाट्या व मूठभर चिंचोके: ओळ संपली कीं एक चिंचोका या वाटींतून त्या वाटींत. लोकर नवी नसली तरी अडत नाहीं. जुना स्वेटर उसवावा, लोकर खुर्चीच्या पाठीभोंवतीं गुंडाळून लडी करावी, ती चार ठिकाणीं सैल बांधून कोंबट पाण्यांत भिजवावी, आणि खालीं हलकें वजन लावून टांगावी. वाळतां वाळतां तिच्या कुरळ्या घड्या सरळ होतात.

कोणी म्हणेल, आज सुयांची जोडी फार महाग नाहीं. मग हा खटाटोप कशासाठीं? ज्यांच्या घराजवळ दुकान आहे आणि हातांत पैसा आहे त्यांनीं सुया अवश्य विकत घ्याव्यात; चांगलें साधन वापरण्यांत कमीपणा नाहीं. परंतु माझा अनुभव असा कीं, साधनाची वाट पाहणें ही पुष्कळदां गरज नसते, संवय असते. मुलाला चित्रकलेची पेटी आणूं, मग तो चित्रें काढील; सुया आणूं, मग सून विणील; असें म्हणतां म्हणतां वर्षें जातात. १९३७ सालीं वर्ध्याला उद्योगांतून शिक्षणाची जी योजना मांडली गेली तिच्यांत तकलीला मोठें स्थान मिळालें, तें याच विचारानें. तकली म्हणजे एक काडी आणि एक चकती. ती ज्याच्या हातांत आहे त्याला उद्यांची सबब सांगतां येत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९३९ ते १९४५ या काळांत, कैदेंत पडलेल्या सैनिकांनींहि जुने कपडे उसवून, तारेच्या सुया करून विणकाम केलें. त्यांना ऊब हवी होती हें तर उघडच आहे. पण दिवस संपतांना आपल्या हातून कांहीं वाढलें आहे हें पाहण्याची भूकहि माणसाला असते, आणि ती कैदेंत अधिक लागते.

ती भूक आपल्या घरांतहि असते. निवृत्त झालेल्या वडिलांना ती असते, आजारांतून उठलेल्या माणसाला असते, दुपारभर कामाला येणाऱ्या बाईंबरोबर येऊन कोपऱ्यांत बसणाऱ्या मुलीलाहि असते. विणकाम बायकांचें, विणकाम हौशी लोकांचें, विणकाम पैसेवाल्यांचें, हे समज सुयांनीं निर्माण केलेले नाहींत. ते आपण केले आहेत. दोन सारख्या पेन्सिली आणि उसवलेल्या लोकरीचा एक गुंडा एवढ्यावर काम आजच सुरू होऊं शकतें. वीस टांके घालावेत, सुलट ओळीच विणाव्यात, आणि चार बोटें पट्टी झाली कीं मोजून पाहावें. महिन्याभरानें आपल्या हाताला कोणत्या नंबरची सुई मानवते हें कळेल. तेव्हां दुकानांत जावें आणि तो नंबर सांगून सुया मागाव्यात. त्या वायां जाणार नाहींत.